पंपाच्या मोबाईल स्टार्टरला योग्य अर्थिंग करा



कल्याण, मुरबाड, शहापूर भागात भातानंतर वाल, भेंडी, काकडी घेणाऱ्या बागायतदारांना मोबाईल स्टार्टर फार सोयीचा ठरतो. रात्री-अपरात्री विहिरीवर जावे लागत नाही. परंतु हा स्टार्टर म्हणजे एक लहान दूरसंचार यंत्रच आहे. त्यात एका बाजूने वीजवाहिनी व दुसऱ्या बाजूने अँटेनाची वायर येते. आकाशातील विजेमुळे निर्माण होणारा जादा दाब या दोन्ही वाटांनी आत शिरू शकतो. आपल्याकडे जूनच्या आरंभी आणि ऐन भातकापणीत, ऑक्टोबरमध्ये, हा धोका अधिक असतो.

फ्यूज आहे, मग अर्थिंग कशाला?

मोटारीची वायर आत खराब होऊन फेज बॉडीला लागला आणि कातळी जमिनीत अर्थिंगचा रोध २० ओहम असला, तर २३० व्होल्टला फार तर ११.५ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा फ्यूज त्याने उडणार नाही. पंप चालू राहील आणि बॉडीला हात लावणारा दगावेल. म्हणून चांगल्या अर्थिंगसोबत गळती ओळखणारा आरसीसीबी बसवावा.

अर्थिंग कसे करावे?

१) ४० मि.मी. व्यासाचा, किमान २.५ मीटर लांबीचा जी.आय. पाईप उभा पुरावा. भोवती कोळसा व मिठाचे थर द्यावेत.

२) ओल टिकणारी जागा निवडावी. मात्र वाहत्या पाण्याने मीठ धुऊन जाते, अशी जागा टाळावी. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे.

३) मुरमाड जमिनीत सुमारे ५ मीटर अंतरावर दुसरा पाईप पुरून दोन्ही जोडावेत.

४) थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ वायरी जोडाव्यात. न्यूट्रलचा अर्थिंग म्हणून वापर कदापि करू नये.

५) सर्ज प्रोटेक्टर स्टार्टरजवळच बसवावा. त्याची अर्थ वायर आखूड व सरळ असावी, वेटोळे नको. अर्थिंग नसेल तर हे उपकरण निरुपयोगी आहे.

सर्व अर्थ एकत्र जोडा

अँटेनाच्या खांबाला एक आणि स्टार्टरला दुसरे असे वेगळे अर्थिंग ठेवू नये. वीज जवळ पडली की दोहोंच्या दाबात फरक पडतो व तो प्रवाह यंत्रातून वाहतो. ठाणे-डोंबिवलीत गच्चीवर दिसणाऱ्या मोबाईल मनोऱ्यांचा खांब, केबलचे आवरण व यंत्रांची पेटी एकाच अर्थ व्यवस्थेला जोडण्याची पद्धत याच कारणासाठी आहे.

थेट पडणाऱ्या विजेपुढे कोणतेही साधन खात्रीचे नाही. म्हणून ढग दाटण्यापूर्वीच मेन स्विच बंद करावा. गडगडाट सुरू झाल्यावर पंपाकडे जाऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या 'दामिनी' ॲपवर विजेची पूर्वसूचना मिळते.

दरवर्षी मे महिन्यात परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा व गंजलेले जोड बदलावेत. जळालेला स्टार्टर नवा आणता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.