पक्षी दुखणं सांगत नाही

पिंजऱ्यातला पक्षी दुखणं लपवतो. रानात थव्यातला जो पक्षी मलूल दिसतो त्याच्यावर शिक्रा आधी झडप घालतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो ताठ बसतो आणि दाणे टिपल्यासारखं करतो. माणसाच्या घरात आला तरी ही सवय सुटत नाही. आपल्या नजरेला तो आजारी दिसतो तेव्हा दुखणं बरंच पुढं गेलेलं असतं.

आमच्या घरचा कॉकाटील, म्हणजे परदेशी जातीचा पोपट, असाच शीळ घालत राहिला. भाच्यानं तो लोह्याला आणला तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "राळं आणि सूर्यफुलाच्या बिया टाका, दुसरं काही लागत नाही बघा." वाटी कायम भरलेली दिसायची, पण वर नुसती टरफलं असायची. एका उन्हाळ्यात त्याची शेपटी श्वासाबरोबर वरखाली हलायला लागली आणि श्वासाला बारीक घरघर आली. डॉक्टरांनी चोच उघडून आत पांढरे चट्टे दाखवले. 'अ' जीवनसत्त्व फार कमी पडलं होतं. त्यामुळं तोंडाचं आणि नाकाचं आतलं अस्तर जाड झालं आणि वरून जंतूंची लागण झाली. पक्षी वाचला, पण पूर्ववत व्हायला पावसाळा उजाडला.

म्हणून पक्षी घरात असेल तर ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा आधी घ्या. कॉकाटीलचं वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम असतं. फुगवलेल्या पिसांखाली छातीचं हाड बाहेर आलेलं दिसत नाही, काटा मात्र ते सांगतो. आठवड्यातून एकदा, सकाळी दाणे टाकायच्या आधी, काट्यावर काडी ठेवून त्याला बसवा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. वजन दहावा हिस्सा उतरलं की वाट पाहू नका. विष्ठेचा रंग बदलणं, दिवसा पिसं फुलवून झोपणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणं या तर उशिराच्या खुणा आहेत. पक्ष्यांची सवय असलेले डॉक्टर तालुक्याला सहजी भेटत नाहीत. आपल्याला उदगीर आणि परभणी इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं जवळ आहेत. कुठं जायचं हे पक्षी धडधाकट असतानाच विचारून ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर आपला मराठवाडा पक्ष्यासाठी श्रीमंत आहे. शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर, मोड आलेली मटकी, हिरवे घाटे, मक्याचं कोवळं कणीस आणि हिवाळ्यात हुरडा. शेवगा आणि गाजर यांतून 'अ' जीवनसत्त्व मिळतं, दाण्यांत ते जवळजवळ नसतंच. सूर्यफूल आणि शेंगदाणे चरबीचे, ते हातावर मोजकेच द्या, आणि बुरशी लागलेला शेंगदाणा तर अजिबात नको. मात्र दाण्यावर वाढलेला पक्षी पाल्याला खाणं समजत नाही. दाणे एकदम बंद केले तर तो उपाशी राहील, पण पाल्याला चोच लावणार नाही. सकाळी पोटात भूक असताना ओला पाला पिंजऱ्याला बांधा, दोनेक तासांनी दाणे द्या. आधी तो पाला नुसता कुरतडून खाली टाकतो. टाकू द्या, त्यातूनच चव लागते. चहात बुडवलेली पोळी, बिस्किट, फरसाण, चॉकलेट हे लाडानं दिलं जातं आणि घात करतं. पाहुण्यांनाही हात जोडून सांगा.

आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 अंशांच्या पुढं जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर टांगलेला पिंजरा दुपारी भट्टी होतो. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरलेले दिसले की पक्षी तापलाय. त्याला सावलीत आणा, साधं पाणी शिंपडा; बर्फाचं पाणी नको, कूलरचा थेट झोतही नको. पसरट भांड्यात पाणी ठेवलं तर तो स्वतःच अंघोळ करतो. उदबत्ती, मच्छर कॉईल आणि करपलेला नॉनस्टिक तवा यांचा धूर त्याच्या फुफ्फुसांना आपल्यापेक्षा फार लवकर लागतो.

जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे मेले, ते बर्ड फ्लूनं. त्याच महिन्यात आपल्याच लोहा तालुक्यातल्या किवळ्यात कोंबडीच्या पिल्लांत तो रोग सापडला. अशा बातम्या आल्या की पिंजरा अंगणातून आत घ्या. कावळे-चिमण्या बसतात तिथं तो टांगू नका, आणि कोंबड्यांत वावरून आलात तर हात धुतल्याशिवाय दाणा-पाणी करू नका. एरवीही विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. घरात कुणाचा ताप-खोकला हटत नसेल तर घरी पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोपटाकडून माणसाला होणारा एक आजार फुफ्फुसांवर जातो, आणि डॉक्टरांना पक्ष्याचं माहीतच नसेल तर तो ओळखणं अवघड होतं.

हे सगळं परदेशी जातीच्या पक्ष्यांबद्दल. शेतात कणसांवर उतरणारा आपला राघू, पहाडी पोपट आणि तुईया यांना पिंजऱ्यात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कैद तीन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत. "आमच्या आजोबांनी पाळला होता" हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण तो एक राघू घरात येण्यासाठी ढोली फोडली जाते आणि त्यातली बाकीची पिल्लं वाटेतच मरतात. कुणाकडं असा राघू असेल तर पिंजऱ्याचं दार उघडून त्याला सोडू नये. माणसाच्या हातावर वाढलेल्या राघूला अन्न शोधता येत नाही आणि मांजराची भीती कळत नाही. वन विभागाला 1926 वर फोन करून तो त्यांच्या हवाली करावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा सुटला की ढोलीतून राघूची पिल्लं खाली पडतात आणि मुलं ती उचलून घरी आणतात. ढोली हाताशी असेल तर पिल्लू परत आत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. ढोली उंच असेल किंवा पिल्लाला लागलं असेल तर सुती कापड घातलेल्या खोक्यात, उबेत आणि अंधारात ठेवून तोच फोन लावा. तोवर चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत उतरतं.