चर्चच्या बाप-लेक शिबिरात काय चालते?

प्रश्न : अमेरिकेतील चर्च वडील आणि मुलांची शिबिरे भरवतात. त्यांचे स्वरूप काय?

उत्तर : हे शिबिर बहुधा शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारच्या उपासनेने संपते. ख्रिस्ती मंडळींनी मुलांसाठी संघटना काढण्याची रीत जुनी आहे. विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये ग्लासगोत बॉइज ब्रिगेड काढली. असेंब्लीज ऑफ गॉड या ख्रिस्ती पंथाने १९६२ मध्ये अमेरिकेत रॉयल रेंजर्स सुरू केले. अशा संघटनांत मुलांची जबाबदारी प्रशिक्षित नेत्यांवर असते, या शिबिरात मात्र ज्याच्या त्याच्या बापावर. तंबूच्या खुंट्या ठोकणे, गळाला आमिष लावणे, शेकोटीवर मार्शमेलो भाजणे ही कामे जोडीनेच होतात. मार्शमेलो हमखास करपतो आणि गप्पांना तोंड फुटते. ठरवून दिलेल्या चर्चासत्रांना हे क्वचितच साधते. रात्री बायबलवाचन आणि प्रार्थना होते. मुलांना न चिडवता वाढवण्याचा बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातील उपदेश अशा वेळी आवर्जून निघतो.

खरी अडचण वडील नसलेल्या मुलांची. त्यांच्यासोबत आजोबा, मामा किंवा मंडळीतील कुणी परिचित गृहस्थ येतात. मात्र नात्याबाहेरच्या प्रौढाने मुलाबरोबर तंबूत एकटे राहू नये, असा नियम काटेकोर मंडळ्या पाळतात आणि स्वयंसेवकांची पार्श्वभूमीही आधी तपासून घेतात.