मुलांसह परदेशप्रवास : तयारीचा खरा कालावधी

शालेय वयातील मुलांना घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाण्याचा विषय बहुतेक घरांत मार्च महिन्यात, वार्षिक परीक्षा डोक्यावर असताना निघतो. तोपर्यंत विमानाची माफक दराची तिकिटे संपलेली असतात, धाकट्याच्या पासपोर्टची मुदत सरत आलेली असते आणि शिलकीतली रक्कम अपुरी पडत असते. उरलेली तूट मग कर्जाने भरून काढली जाते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा शुल्क, वह्या-पुस्तके आणि गणवेश यांच्या जोडीला प्रवासाचा हप्ताही दारात उभा असतो. सहल आठवड्याभरात आटोपते. हप्ते मात्र मुलांच्या पुढच्या दोन इयत्ता सोबत करतात. हे टाळावयाचे असेल, तर तयारीचा आरंभ दोन वर्षे आधी करणे इष्ट ठरते. दोन वर्षे हा काळ ऐकताना फार वाटतो. परंतु त्यातील प्रत्यक्ष काम थोडे असून, ते वेळच्या वेळी करणे एवढेच महत्त्वाचे आहे.

सुट्टी कोणाची, केव्हा

पहिला विचार शाळेच्या वेळापत्रकाचा. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळांना साधारणतः मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात. दिल्लीत सुट्टी मेच्या मध्यास लागून जूनअखेर संपते, तर कर्नाटकातील मुले एप्रिलच्या मध्यापासूनच मोकळी होतात आणि मेअखेरीस पुन्हा शाळेत हजर असतात. एक भाऊ बंगळुरूत आणि दुसरा दिल्लीत नोकरीस असेल, तर दोन्ही घरांनी मिळून जाण्यास मेचा उत्तरार्ध तेवढा उरतो. चुलत भावंडांनी एकत्र प्रवास करण्यातला आनंद मोठा असल्याने हे दोन आठवडे आधीच हेरून ठेवावेत.

कोणत्या इयत्तेत जावे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. नववीची परीक्षा संपते न संपते तोच दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होते आणि त्यानंतरची तीन-चार वर्षे घराची सुट्टी शिकवणीवर्गाच्या वेळापत्रकानुसार ठरते. (हा प्रघात चांगला की वाईट, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) दोन मुले असल्यास थोरले सहावी-सातवीत आणि धाकटे दुसरी-तिसरीत असताना जाणे सर्वांत सोयीचे. धाकट्याला पुढे आठवण्याइतके कळू लागलेले असते आणि थोरल्याला आईवडिलांबरोबर फिरण्याचा संकोच अजून वाटू लागलेला नसतो. यात पैशाचाही एक मुद्दा दडलेला आहे. बहुतेक विमान कंपन्या आंतरराष्ट्रीय प्रवासात बारा वर्षांखालील मुलांना काहीशा सवलतीच्या दराने नेतात; बारावे वर्ष पूर्ण होताच पूर्ण भाडे पडते, आणि वय मोजले जाते ते प्रवासाच्या दिवशीचे. युरोपातील शेंगेन व्हिसाचेही तसेच आहे. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो आणि त्याहून लहानांना निःशुल्क, असा त्याचा दर आहे.

आपली सुट्टी असते तेव्हा तिकडे कोणता ऋतू आहे, हे पाहिल्याशिवाय ठिकाण ठरवू नये. मेअखेरीस नैर्ऋत्य मोसमी पाऊस श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दाखल झालेला असतो, परंतु त्याच वेळी त्रिंकोमालीकडचा पूर्व किनारा कोरडा असतो. जपानमध्ये एप्रिलअखेर ते ५ मे हा तेथील सलग सुट्ट्यांचा काळ असल्याने गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. स्वित्झर्लंडमध्ये ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखपर्यंत जाणारी रेल्वे बारमाही चालते. मात्र आल्प्समधील अनेक उंच घाटरस्ते मेअखेर किंवा जूनमध्येच खुले होतात.

प्रथमच परदेशी निघालेल्या कुटुंबास सिंगापूर हे ठिकाण अनुकूल आहे. मुंबईहून थेट विमानाने ते साडेपाच तासांच्या आसपास येते, नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित आहे आणि मेट्रो रेल्वेमुळे खाजगी वाहनाची गरज फारशी भासत नाही. हवा मात्र वर्षभर उष्ण आणि दमट असते. एक गोष्ट तेथे जाणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही : सिंगापूरच्या शाळांची मधली सुट्टी जवळजवळ संपूर्ण जून महिना असते. त्यामुळे राज्य मंडळाच्या शाळांतील मुलांनी मेच्या पूर्वार्धातच जाऊन यावे. प्राणिसंग्रहालयात रांगेत उभे राहण्याचा वेळ वाचतो.

पासपोर्टचे गणित

सज्ञान व्यक्तीचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, म्हणून मुलांचाही तसाच असेल अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, वैध असतो. पंधरा ते अठरा वयोगटास दहा वर्षांच्या मुदतीचा पर्याय मिळतो. त्यातही सिंगापूरसह अनेक देश प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी, अशी अट घालतात. म्हणजे मुलाचा पासपोर्ट व्यवहारात साडेचार वर्षांचाच असतो. पहिलीत असताना काढलेला पासपोर्ट सहावीच्या सुट्टीत उपयोगी पडत नाही, आणि ही गोष्ट तिकिटे काढल्यानंतर कळली तर धावपळीस पारावार राहत नाही.

नावांच्या बाबतीत मराठी कुटुंबांनी विशेष दक्षता घ्यावी. आपल्याकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहिण्याची रीत आहे. कोणाच्या पासपोर्टमध्ये वडिलांचे नाव येते, कोणाच्या येत नाही. आईने विवाहानंतर माहेरचे आडनाव कायम ठेवले असेल, तर मायलेकरांची आडनावे भिन्न दिसतात. कधी आडनाव एकच असूनही त्याचे रोमन स्पेलिंग दोन पासपोर्टांत दोन प्रकारचे असते. तिकीट आणि व्हिसाचा अर्ज यांवर पासपोर्टमध्ये आहे तेच नाव, त्याच अक्षरांत असावे. मुलांच्या जन्मदाखल्याची प्रत नेहमी सोबत ठेवावी. आई किंवा वडील यांपैकी एकटेच मुलांना घेऊन जात असतील, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र जवळ असणे हिताचे.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. निर्णयास सामान्यतः पंधरा दिवस, काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवस लागू शकतात आणि किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याची अट असते. सिंगापूरचा व्हिसा यामानाने सुलभ आहे. विमा तेथे सक्तीचा नसला तरी काढावाच. मुलांचा ताप अथवा मोडलेला हात देश पाहून येत नाही.

साठवून जावे की जाऊन फेडावे

चौघांच्या प्रवासास चार लाख रुपये लागतील असे हिशेबापुरते धरू. सहा टक्के व्याजाच्या आवर्ती ठेवीत दरमहा १५,७०० रुपये भरल्यास चोवीस महिन्यांनी चार लाखांहून थोडी अधिक रक्कम हाती येते. त्यात ग्राहकाच्या खिशातून गेलेले असतात ३,७६,८००. हेच चार लाख बारा टक्के दराच्या वैयक्तिक कर्जाने उभे केले, तर तितक्याच मुदतीसाठी हप्ता सुमारे १८,८३० रुपयांचा बसतो आणि एकूण परतफेड ४,५१,९०० च्या घरात जाते. दोहोंतील अंतर ७५ हजार रुपयांचे, म्हणजे एका व्यक्तीच्या प्रवासखर्चाच्या जवळपास जाणारे आहे. दर काळानुसार आणि ग्राहकानुसार बदलतात. आपल्या शाखेत तत्कालीन दराने हे गणित पुन्हा मांडून पाहावे. दर कोणतेही असोत, फरक कर्जाच्या विरुद्धच पडतो.

आवर्ती ठेव फेब्रुवारीत उघडावी, म्हणजे दोन वर्षांनी ती नेमकी मेच्या प्रवासाची तिकिटे काढण्याच्या सुमारास परिपक्व होते. उद्दिष्टाची रक्कम मात्र दहा टक्के वाढवून धरावी, कारण दोन वर्षांत रुपयाचा विनिमय दर बदलतो आणि गेल्या दोन दशकांचा कल पाहता तो बहुधा प्रवाशाच्या विरुद्धच बदलतो.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून उगमस्थानी कर गोळा केला जातो. या कराचे दर त्यानंतर अनेकदा बदलले असल्याने नोंदणीच्या वेळचा दर विचारून घ्यावा. हा कर अंतिम खर्च नव्हे. विवरणपत्रात तो आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदारांना ही रक्कम नियोक्त्यास कळवून पगारातील करकपातीत जमा धरून घेता येते. तरीही पैसे प्रथम द्यावेच लागत असल्याने तेवढी तरतूद हवी. पॅन अचूक नोंदवले गेले आहे ना, हेही पाहावे. अन्यथा भरलेला कर आपल्या नावावर दिसत नाही.

तेथील दिवस

पैसे खर्चून गेलो म्हणून दिवसाकाठी चार-चार स्थळे उरकण्याचा मोह मोठ्यांना होतो आणि त्याची किंमत मुले मोजतात. दिवसात एक मोठे स्थळ आणि दुपारी विश्रांती, एवढेच योजावे. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तेथील सकाळचे सात म्हणजे मुलांच्या शरीराला पहाटेचे साडेचार. पहिल्या दिवशी पहाटेची सहल ठरवणे व्यर्थ. उलट रात्री प्राणी पाहण्याची नाइट सफारी, जी १९९४ पासून सुरू आहे, त्यांना सहज जमते, कारण अंधार पडून ती सुरू होते तेव्हा घरच्या घड्याळात पाचही वाजलेले नसतात. जुन्या मार्गदर्शिकांतील जुरोंग पक्षी उद्यान मात्र शोधू नये. ते जानेवारी २०२३ मध्ये बंद झाले आणि त्यातील पक्षी मंडाई येथील नव्या उद्यानात नेण्यात आले. १८५९ साली स्थापन झालेले आणि २०१५ पासून जागतिक वारसा यादीत असलेले वनस्पती उद्यान पाहण्यास प्रवेशशुल्क नाही. च्युइंगगम नेण्यास तेथे १९९२ पासून बंदी आहे, ही माहिती मुलांना निघण्यापूर्वीच सांगावी. त्यांना ती फार आवडते.

खर्चाचा मुख्य भाग बँकेच्या फॉरेक्स कार्डावर ठेवून थोडीच रोकड जवळ बाळगावी. भारतातील कार्डे २०२० पासून, ग्राहकाने सुविधा सुरू केल्याखेरीज, परदेशात चालत नाहीत. निघण्यापूर्वी ती सुरू करून मर्यादा ठरवून घ्यावी. दुकानातील यंत्राने रक्कम रुपयांत घ्यावी काय असे विचारल्यास स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांचा पर्याय सोयीचा वाटला तरी त्यातील विनिमय दर सहसा महाग असतो. मुलांना रोज ठरावीक डॉलर स्वतंत्र द्यावेत आणि खाऊ व खेळणी त्यातच बसवण्यास सांगावे. चावीच्या साखळीची किंमत रुपयांत करून पाहिल्यावर दहा वर्षांचे मूल ती बहुधा परत ठेवते. काही मुले तरीही घेतात, आणि तेही ठीकच.

परतल्यावर उरलेल्या परकीय चलनी नोटा १८० दिवसांच्या आत बँकेत परत कराव्यात; दोन हजार अमेरिकी डॉलर मूल्यापर्यंतचे चलन जवळ ठेवण्यास मुभा आहे. नाण्यांवर अशी मर्यादा नाही. ती मुलांच्या डब्यात जमा झाली तरी चालतात.