न उपसलेल्या पाण्याचे मोल

विहिरीवर मोट चालत असे तेव्हा बैल थकले की उपसा थांबे. पुढे डिझेलचे इंजिन आले. ते थकत नाही, पण तेलाला पैसे पडतात. म्हणून शेतकरी हात राखून पाणी देतो. सौरपंपाला हा लगाम नाही. फलकांवर ऊन पडले की वीज उत्पन्न होते आणि पंप चालू लागतो. यंत्र एकदा बसविले म्हणजे उन्हाचे दाम कोणी मागत नाही. शिवाय पिकाची तहान वाढते त्याच दिवसांत ऊनही कडक असते, आणि रात्रीच्या विजेसाठी विंचूकाट्यांतून शेतावर जावे लागत नाही.

मग यात उणे ते काय? आमच्या मते, पाणी फुकट झाले हेच उणे. दिवसभर पंप चालू ठेवण्याचा मोह कोणाला होणार नाही? भूगर्भातील साठा तर सर्वांचा एकच. एकाने अतोनात उपसले की शेजाऱ्याची विहीर आटते.

यावरचा एक उपाय आपल्या बडोद्यापासून फार दूर नाही. खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी स्थापन केली. त्यापूर्वी ते डिझेलवर पाणी उपसत. त्यांनी आपले फलक विजेच्या तारांशी जोडून घेतले आणि पंप बंद असताना तयार होणारी वीज विकण्यास आरंभ केला. बडोद्याच्या मध्य गुजरात वीज कंपनीने ती २५ वर्षे युनिटास ४ रुपये ६३ पैसे दराने घेण्याचा करार केला.

विद्यार्थिमित्रांनी येथे थोडे गणित करावे. एक किलोवॉटचे फलक स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ४ युनिट वीज देतात. आठ किलोवॉटच्या फलकांची वीज ३२ युनिट, आणि तिचे वरील दराने होतात सुमारे १४८ रुपये. पंप दिवसभर विनाकारण चालविला, तर तेवढी कमाई बुडाली. म्हणजे पाण्याला पुन्हा मोल आले. फरक एवढाच की पूर्वी ते तेलवाल्याकडे जाई, आता पाणी राखणाऱ्याच्याच पदरात पडते. वीज विकणे हे जणू एक जोडपीकच झाले, आणि त्याला ना खत लागते ना राखण. धूळ तेवढी वरचेवर पुसावी लागते.

हे गणित मात्र विजेच्या दरावर उभे आहे. दर फार उतरला, किंवा उपसलेले पाणी शेजारच्या शेताला विकून अधिक पैसे मिळू लागले, तर शेतकरी पुन्हा पंपच चालू करील.