नफीर

सुदान हा ईशान्य आफ्रिकेतील एक विशाल देश आहे. पांढरी नाईल व निळी नाईल या नद्यांचा संगम जेथे होतो, तेथे त्याची राजधानी खार्टूम वसली आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी या नगरीत तोफा धडाडू लागल्या. देशाचे सैन्य आणि एक प्रबळ निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. बाजार ओस पडले, दवाखाने बंद झाले, नळ कोरडे पडले. बहुतेक परदेशी मदतसंस्थांना आपली माणसे नगरीबाहेर हलवावी लागली. मागे राहिलेल्या नागरिकांना वाली कोण?

तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांतील तरुण-तरुणी पुढे आल्या. सुदानात ‘नफीर’ नावाची जुनी रीत आहे. कोणाची सुगी अडली किंवा घर उभारावयाचे असले, म्हणजे हाक दिली जाते आणि सारा गाव कामाला धावतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची इर्जिक अशीच असते. या रीतीला स्मरून त्यांनी ‘आपत्कालीन साहाय्य कक्ष’ स्थापिले. कोणी सामाईक स्वयंपाकघरे चालविली, कोणी औषधे मिळविली, कोणी अडकलेल्या कुटुंबांना सुरक्षित वाटेने बाहेर काढले. कोणत्या गल्लीत गोळीबार चालू आहे, कोणत्या घरी आजारी म्हातारी एकटी आहे, हे त्यांना ठाऊक होते. परक्यांना ते कसे कळावे? हे काम निर्धोक मात्र नव्हते. कित्येक स्वयंसेवक पकडले गेले; काहींनी प्राणही गमावले.

परंतु केवळ हिमतीवर चूल पेटत नाही. धान्याला पैसा लागतो, आणि पैशाच्या किल्ल्या दूरदेशी होत्या. २०१६ साली इस्तंबूल येथील परिषदेत मोठ्या दात्या राष्ट्रांनी व संस्थांनी ठरविले होते, की २०२० पर्यंत मदतनिधीचा निदान चौथा हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांच्या हाती द्यावा. ते वचन पुरे झाले नाही. लहान मंडळांना हिशेब कसा जमेल, अशी शंका दात्यांना वाटे. पुढे २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा सुदानातील शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. निर्णय झाला दूर. उपाशी राहिली ती सुदानची मुले.

त्याच वर्षी या कक्षांना नॉर्वेमधील राफ्तो पुरस्कार मिळाला. त्यांच्या कार्याचा गौरव झाला. पण गौरवाने ताट भरत नाही. मदत दुरून आली तरी ती हवीच आहे. मात्र ती कोणाला, केव्हा व कशी पोचवावी हे ठरविण्याचा अधिकार, ज्यांच्या दारात आग लागली आहे त्यांनाही असला पाहिजे. कारण हाकेसरशी धावणारा शेजारीच सर्वांच्या आधी पोचतो.