भरीव शाफ्ट जास्त टिकतो का?

प्रश्न : माझा जुना ट्रक भिलाई पोलाद कारखान्यातला माल वाहतो. त्यात जास्त ताकदीचं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स बसवायचा आहे. मिस्त्री म्हणतात, प्रोपेलर शाफ्ट पोकळ आहे, तो भरीव करून घ्या. करू का?
– एक वाचक, पॉवर हाऊस, भिलाई

उत्तर : भरीव करू नका. पोकळ असणं हा शाफ्टचा दोष नाही. पिळाचा सर्वाधिक ताण बाहेरच्या थरावर येतो. मधलं पोलाद वजन वाढवतं आणि त्यामुळे शाफ्ट कमी वेगातच थरथरू लागतो.

शाफ्टवरचा भार हॉर्सपॉवरवरून नव्हे, टॉर्कवरून ठरतो, तोही पहिल्या गिअरच्या प्रमाणाने गुणून. समजा, इंजिनचा टॉर्क 800 न्यूटन-मीटर आणि प्रमाण 9 असेल, तर शाफ्टवर 7200 येतात. त्या आकड्याला पुरेल असा नळी, योक आणि क्रॉस यांचा पूर्ण सेट घ्या. नुसती नळी जाड केली तर क्रॉस तुटेल. मागचा डिफरन्शियलही तेवढा भार पेलतो का, ते पाहा.

गिअरबॉक्सची लांबी बदलली की शाफ्टचीही बदलते. माप गिअरबॉक्स बसवल्यावरच घ्या, स्लिप जॉइंटला सरकायला जागा ठेवा. वेल्डिंग करताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. नंतर मशीनवर बॅलन्सिंग कराच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मनाने करता येत नाहीत. त्यामुळे सामान घेण्याआधी दुर्गच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करा.