चार्जिंग स्टेशनं मोजायची हौस बुलढाण्यात कितीला पडते?

आपल्याकडे किल्ले मोजणारे भटके आहेत. शंभर झाले, दीडशे झाले, असा हिशेब ते वर्षानुवर्षं ठेवतात. अमेरिकेतले टेस्ला गाड्यांचे मालक त्याच चिकाटीने चार्जिंग स्टेशनं मोजतात. किती वेगवेगळ्या ठिकाणी गाडी लावली, यावर त्यांच्यात चुरस चालते आणि एका नव्या स्टेशनासाठी माणसं वाट वाकडी करून जातात. टेस्लाची पहिली सहा सुपरचार्जर स्टेशनं सप्टेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. सुरुवातीच्या बऱ्याच ग्राहकांना तिथली वीज फुकट मिळायची. २०१७ पासून नवी गाडी नोंदवणाऱ्यांना मात्र वर्षाला ४०० युनिटांपुरतीच सवलत राहिली. म्हणजे ही हौस वाढली ती फुकटच्या विजेवर.

बुलढाणा जिल्ह्यात प्रत्येक युनिटाचे पैसे मोजावे लागतात. तरीही दोन-चार ईव्हीवाल्या मित्रांनी मिळून हा खेळ खेळावा, असं मला मनापासून वाटतं. कुठला चार्जर खरंच चालतो आणि कुठला नुसता नकाशावर दिसतो, हे कळायला यापेक्षा चांगला मार्ग नाही. पण खेळायचं तर खर्च आधी कळायला हवा.

हिशेबासाठी मध्यम गाडी धरू. बॅटरी ४० युनिटांची आणि सरासरी एका युनिटात ७ किलोमीटर. टाटा नेक्सॉन किंवा एमजी विंडसरसारख्या गाड्या याच्या आसपास बसतात. सार्वजनिक फास्ट चार्जरचा दर साधारण १८ ते २५ रुपये युनिट असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ॲपमध्ये दिसणारा दर जीएसटीसह आहे की जीएसटीशिवाय, हे आधी बघा. दर २२ रुपये दिसत असेल आणि कर वेगळा असेल, तर हातात युनिट पडतं ते २६ रुपयांना. घरच्या विजेचा भाव तुमच्या बिलातच आहे, पण तो सरासरीने काढू नका. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर आणि पुढे ३०० युनिटांनंतर चढतो. गाडीची युनिटं घरच्या वापरावर चढतात, त्यामुळे ती शेवटच्या, म्हणजे महागड्या टप्प्यात मोजली जातात. इथे आपण १२ रुपये धरू. तुमचा आकडा तुमच्या बिलावरून घाला. छतावर सोलर असेल तर तो बराच खाली येईल.

आता एक फेरा काढू. बुलढाण्याहून चिखली, मेहकर, लोणार, तिथून सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि परत चिखलीमार्गे बुलढाणा. हे अंदाजे २३० किलोमीटर होतात, म्हणजे ३३ युनिटं. वाटेत चार स्टेशनांवर पाच-पाच युनिटं घेतली तर वीस युनिटांचे ५२० रुपये. उरलेली तेरा युनिटं घरून भरून नेलेली. घरी चार्ज करताना दहाएक टक्के वीज वाया जाते, ती धरून त्यांचे १७० रुपये. एकूण ६९० रुपये. हाच फेरा सगळा घरच्या विजेवर झाला असता तर ४३५ रुपये लागले असते. म्हणजे स्टेशनं मोजण्याच्या हौसेचा जादा भार अडीचशे रुपये, एका नव्या स्टेशनामागे साठ-पासष्ट. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी असती तर १०५ रुपयांच्या भावाने सोळाशे रुपये जळाले असते.

हा हिशेब पाहून हुरळून जाऊ नका. खरे पैसे आणि वेळ जातो तो आडवाटेला. मार्गावर नसलेल्या एका स्टेशनासाठी जाऊन-येऊन २० किलोमीटर जादा पडले तर विजेचे ७५ रुपये, टायरची झीज वेगळी आणि वर पाऊण तास. ईव्ही वजनाने जड असते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. अशी तीन वळणं घेतलीत तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. घरची मंडळी गाडीत बसलेली असतील, तर एका दिवसात एकापेक्षा जास्त आडवाट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोणारच्या सरोवराकाठी घालवायचा तास एखाद्या पंपामागच्या बंद चार्जरसमोर गेला, तर पुढच्या खेपेला घरचे गाडीत बसणार नाहीत.

वेळेचं गणितही मांडून ठेवा. तीस किलोवॉटच्या चार्जरवर पाच युनिटं भरायला दहा मिनिटं लागतात. पण गाडी लावणं, ॲप उघडणं, ओटीपी, पैसे भरणं, गन लावणं, पहिला प्रयत्न फसला तर दुसरा, यात आणखी दहा-पंधरा मिनिटं जातात. चार स्टेशनांचा दीड तास धरूनच निघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये टाटांच्या नेक्सॉन ईव्हीने काश्मीर ते कन्याकुमारी हे ४,००३ किलोमीटर ९५ तास ४६ मिनिटांत पार केले. त्यातले तब्बल २८ तास चार्जिंगला लागले. विक्रमासाठी निघालेल्या, तयारीच्या चमूची ही गत होती.

स्टेशनावर गेल्यावर नेमकं काय बघायचं, तेही सांगतो. पडदा काळा असेल किंवा लाल दिवा लागला असेल, तर लगेच माघारी फिरू नका. यंत्राच्या अंगावर लाल, गोल इमर्जन्सी बटण असतं. कुणीतरी ते दाबून गेलेलं असतं, पोरं तर हमखास दाबतात. बाणाच्या दिशेने पिळलं की ते बाहेर येतं आणि यंत्र पुन्हा सुरू होतं. तेवढ्यानेही जागं झालं नाही तर पंपावरच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: ‘तिन्ही फेज आहेत का?’ फास्ट चार्जरला थ्री फेज लागतो. एक फेज गेला तर पंपावरचे दिवे, पंखे चालू राहतात, पण चार्जर अडतो, आणि अनेकदा तिथल्या माणसालाही त्याचं कारण ठाऊक नसतं. गन लावताना केबलचा भार सॉकेटवर येऊ देऊ नका. एका हाताने केबल उचलून धरा आणि लॉकचा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. ‘हँडशेक फेल’सारखी सूचना आली तर बहुतेक वेळा गन नीट बसलेली नसते. साठ किलोवॉटच्या यंत्राला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागलेली असेल, तर तुमच्या वाट्याला बऱ्याचदा निम्मीच ताकद येते. मेमध्ये मलकापूर-खामगाव पट्ट्यात पारा चढला की यंत्रं आणि बॅटऱ्या दोन्ही स्वतःहून वेग कमी करतात. उन्हाळ्यात हा खेळ सकाळी दहाच्या आत आटपा.

दुसरा फेरा घाटाखालचा. बुलढाणा, राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि परत खामगावहून बोथा घाटाने वर. हे सुमारे १८० किलोमीटर. बुलढाणा आणि मलकापूर यांच्या उंचीत चारशे मीटरच्या आसपास फरक आहे. माणसांसह सतराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला सपाटीच्या खर्चाशिवाय दोनेक युनिटं जादा लागतात. उतरताना त्यातला बराच भाग ब्रेकिंगमधून बॅटरीत परत येतो, पण त्यासाठी बॅटरीत जागा हवी. घरून शंभर टक्के भरून लगेच राजूर घाट उतरलात, तर मिळणारी वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते आणि गाडी नेहमीसारखा वेग आपोआप आवरतही नाही. म्हणून या फेऱ्याला नव्वद टक्क्यांवर निघा. परतीला बोथा घाट चढायच्या आधी खामगावात किमान तीस टक्के असू द्या.

टोलचा मामला दोन रस्त्यांवर दोन प्रकारचा आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून मेहकर आणि सिंदखेड राजाकडून जातो. तिथे मोटारीला १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २.०६ रुपये टोल आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणाने इलेक्ट्रिक मोटारींना समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर टोल माफ केला आणि ऑगस्ट २०२५ पासून अंमलबजावणी सुरू झाली. तरीही फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी पुढे झाल्या. म्हणून कपातीचा प्रत्येक एसएमएस जपून ठेवा आणि फास्टॅगवर वाहनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार बरोबर नोंदलेला आहे का, हे बँकेकडून तपासून घ्या. नांदुरा, मलकापूरचा महामार्ग क्रमांक ५३ हा राष्ट्रीय महामार्ग. तिथल्या नाक्यावर ही माफी धरून चालू नका. राष्ट्रीय महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना आलेला वार्षिक पास २०० फेऱ्यांचा आहे. आठवड्याला दोन-तीन नाके ओलांडत असाल तरच तो घ्या, या खेळापुरता घेऊ नका.

समृद्धीवर आणखी एक सांभाळा. एकदा वर चढलात की पुढच्या इंटरचेंजपर्यंत उतरता येत नाही, वळताही येत नाही. पलीकडच्या बाजूचा चार्जर नकाशावर शेजारीच दिसतो, पण तुमच्या उपयोगाचा नसतो. मोटारीला वेगमर्यादा ताशी १२० आहे. पण ऐंशीऐवजी १२० ने गेलात तर गाडी एका युनिटात सातऐवजी पाचच किलोमीटर देईल, असं समजून चला.

वेगाचा विषय निघालाच आहे तर स्पर्धेच्या नियमाबद्दल माझा आग्रह मांडतो. ‘कमी वेळात जास्त स्टेशनं’ असा खेळ कुणीही खेळू नये. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच समृद्धीवर, आपल्या सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटली आणि पंचवीस प्रवासी गेले. त्या रस्त्यावर घड्याळाशी शर्यत नको. मोजायचं ते वर्षभरात, सावकाश. एक जागा म्हणजे एक गुण, तिथे चार गन असल्या तरी. किमान दोन युनिटं घेतली तरच गुण मिळावा, त्याला जेमतेम ५२ रुपये पडतात. पुरावा म्हणून ॲपची जीएसटी पावती पुरेशी आहे. आणि मागे कुणी थांबलेलं असेल, त्याची बॅटरी खरंच उतरलेली असेल, तर गन त्याला द्यायची, गुण नंतर. शेगावला प्रकटदिन, ऋषिपंचमी आणि गुरुवारी, सिंदखेड राजाला १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीला हा खेळ बंद ठेवा. त्या दिवशी लांबून आलेल्यांना चार्जरची गरज असते.

एक छुपा खर्च बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे ॲपमधलं वॉलेट. टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी, तेल कंपन्यांचे पंप, महावितरणचं पॉवरअप, प्रत्येकाचं ॲप वेगळं. बरीच ॲप्स आधी शे-दोनशे ते पाचशे रुपये भरून घेतात. सहा ॲप्स झाली की दीड-दोन हजार रुपये ठिकठिकाणी अडकून पडतात. ही स्पर्धेची प्रवेश फीच समजा. थेट यूपीआयने पैसे घेणारं स्टेशन असेल तिथे वॉलेट भरू नका. भरावंच लागलं तर सगळ्यात लहान रक्कम भरा आणि शिल्लक परत मिळते का, किती दिवसांत, हे आधी वाचा. चार्जिंग अर्ध्यात तुटलं तर पूर्ण रक्कम कापली गेल्याचं दिसतं. उरलेले पैसे सहसा नंतर जमा होतात, पण ते तपासायची जबाबदारी तुमचीच. पडद्यावर शेवटचा युनिटांचा आकडा दिसतो, त्याचा फोटो काढूनच गन काढा. वाद झाला तर तोच फोटो कामाला येतो. गाडी भरून झाल्यावरही गन लावून ठेवली तर काही कंपन्या मिनिटाप्रमाणे दंड लावतात, तेव्हा चहाला जाताना मोबाईलवर लक्ष ठेवा.

ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही आणि या खेळाच्या ओढीने घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे, राज्यात मोटार वाहन कर माफ आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारीला अनुदान नाही. त्यामुळे विक्रेता अनुदानाच्या गप्पा मारू लागला तर लेखी मागा. गाडीला सीसीएस-२ फास्ट चार्जिंग आहे ना, हे आधी पाहा. एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीला ते नाही, आणि ते नसेल तर हा खेळ तुमच्यासाठी नाही. घरी १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि पक्कं अर्थिंग करून घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर गाडी चार्ज व्हायलाच नकार देते. त्याचे काही हजार रुपये लागतात, पण तिथे काटकसर करू नका. मंजूर भार कमी पडत असेल तर तो वाढवण्यासाठी किंवा चार्जिंगच्या स्वतंत्र जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज करता येतो.

शेवटी गुण टिपायच्या वहीबद्दल. गुणांच्या रकान्याशेजारी बंद सापडलेल्या स्टेशनांचा रकाना ठेवा: तारीख, वेळ, पडद्यावरची चूक, फेज होता की नाही. ॲपमधून तक्रार करा आणि तिचा क्रमांक तिथेच टिपा. महामार्गापासून जसजसं जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सराल तसतसं पुढचं स्टेशन लांब पडत जातं. तिकडे निघालेल्या गाडीवाल्याला ही नोंद आदल्या रात्री मिळाली, तर तो शेगाव किंवा नांदुऱ्यालाच बॅटरी भरून पुढे जाईल.